रानाखालचं गाव

नकाशावर नुकू हिवा शोधायचं तर प्रशांत महासागराच्या निळ्या पसाऱ्यात बराच वेळ बोट फिरवावं लागतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला नऊ अंशांवर, कोणत्याही खंडापासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर, डोंगराळ बेटांचा एक पुंजका आहे. त्याचं नाव मार्केसास. त्यातली सहाच बेटं आज नांदती आहेत आणि त्यांत नुकू हिवा सगळ्यात मोठं. पूर्वेकडून शिडाच्या नावेनं येणाऱ्याला गालापागोस सोडल्यावर तीन हजार सागरी मैल जमिनीचा तुकडाही लागत नाही. व्यापारी वारे पाठीशी असतात, नाव रात्रंदिवस डावी-उजवीकडे कलंडत पळत असते आणि अशा तीन-चार आठवड्यांनंतर एका पहाटे क्षितिजावरचा ढग हलेनासा होतो. तो ढग म्हणजे नुकू हिवाचा डोंगर.

इतक्या पाण्यानंतर समोर आलेल्या हिरव्या बेटाला स्वर्ग म्हणायचा मोह प्रत्येकाला होतो. दर्यावर्दी, चित्रकार आणि कादंबरीकार दोनशे वर्षांहून जास्त काळ हेच म्हणत आले आहेत. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. पण नावेवर मुक्काम ठेवून, रोज किनाऱ्यावर उतरून, दऱ्यांमधून पायी फिरल्यावर जे दिसतं ते वेगळं आहे. या बेटावरचं दाट रान हे एके काळचं गाव आहे. ते ओस पडलं ते बाहेरून नावांमधून आलेल्या माणसांमुळे, आणि त्या नावा याच उपसागरांमध्ये, याच पाण्यात नांगर टाकून उभ्या होत्या. विमानानं येणाऱ्याला हे कदाचित जाणवणार नाही. विमानतळ बेटाच्या वायव्येला, कोरड्या माळावर आहे. नावेवर राहणारा मात्र रोज त्या जुन्या वाटेनंच जमिनीवर पाय ठेवतो.

ताइओहाए हे बेटावरचं मुख्य गाव आणि त्याच नावाचा उपसागर. एका प्रचंड ज्वालामुखीचं मुख दक्षिणेकडे ढासळलं आणि समुद्र आत शिरला, त्यातून हा अर्धगोल तयार झाला. तिन्ही बाजूंनी उभे कडे, तोंडाशी पहारेकऱ्यांसारखे दोन खडकाळ टापू आणि आत चाळीस-पन्नास नावा सहज मावतील एवढं पाणी. आत शिरलं की वारा पडतो आणि ओल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा, कुठंतरी पेटलेल्या सोडणांच्या धुराचा वास येतो. इतके दिवस फक्त मीठ हुंगलेल्या नाकाला तो सहन होणार नाही इतका दाट वाटतो.

दिनदर्शिकांवरच्या दक्षिण समुद्रात बेटाभोवती प्रवाळाचं कुंपण असतं आणि आत हिरवं, निश्चल पाणी. मार्केसासला असं कुंपण जवळजवळ नाहीच. त्यामुळे दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटा थेट उपसागरात येतात आणि नांगरावर उभी असलेली नाव अष्टौप्रहर डुलत राहते. काही जण पिछाडीकडूनही दुसरा नांगर टाकतात, म्हणजे नावेचं तोंड लाटेकडे राहतं आणि रात्री झोप तरी लागते. तळ चिखलाचा आहे, नांगर चांगला रुततो. तरीही रात्री वारा फिरला की कान आपोआप साखळीकडे लागतात. ती तळावर घासत सरकत असेल तर तिची घरघर लोखंडातून थेट बिछान्याशी ऐकू येते.

डोलकाठीला पिवळा झेंडा लावून आधी पोलिसांकडे जायचं. ही बेटं फ्रेंच पॉलिनेशियात येतात, म्हणून पोलीस फ्रेंच जांदार्म. भारतीय पारपत्र असलेल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी: युरोपासाठी काढलेला शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, या मुलखासाठी वेगळा घ्यावा लागतो. घड्याळाचीही एक गंमत आहे. मार्केसासची वेळ ताहितीच्या अर्धा तास पुढे आहे, आणि आपलीही जगाच्या तासांमध्ये अर्ध्यावरच अडकलेली असल्यामुळे दोन्हींत बरोबर पंधरा तासांचा फरक पडतो. सकाळी सहाला नावेवर चहा टाकला की घरी रात्रीचे नऊ वाजलेले असतात. फोन करायला ही वेळ उत्तम.

नावेवर राहणाऱ्याची खरी परीक्षा नावेपासून धक्क्यापर्यंतच्या चारशे मीटरांत असते. हवेनं फुगवलेली छोटी डिंगी, मागे छोटं इंजिन, पायाशी रिकामे कॅन, कोरड्या पिशवीत कागदपत्रं आणि पायताणं. धक्क्यापाशी पाणी एका लाटेत हातभर वर येतं आणि पुढच्या लाटेत तेवढंच खाली जातं. पाणी वर आलेलं असेल त्या क्षणी एकानं दोरी घेऊन उडी मारायची, दुसऱ्यानं डिंगी दगडावर आपटू द्यायची नाही. शिडीच्या खालच्या पायऱ्या शेवाळानं बुळबुळीत. शेजारीच कोळी मासे साफ करतात आणि कापलेले भाग पाण्यात टाकतात, म्हणून डिंगीच्या बुडाखाली शार्क फिरत असतात. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण पाय घसरू नये याची काळजी मात्र आपोआप घेतली जाते. उतरल्यावर डिंगीला मागून छोटा नांगर टाकून ठेवायचा, नाहीतर ओहोटीला ती धक्क्याच्या कडेखाली अडकते आणि भरतीला तिथेच चिरडते. रोज सकाळ-संध्याकाळ हे सगळं करायचं. पाव आणायला गेलं तरी तेवढंच आणि डोंगर चढायला गेलं तरी तेवढंच.

शनिवारचा बाजार पहाटे अंधारातच भरतो आणि उजाडेपर्यंत चांगला माल संपतो. लहान कलिंगडाएवढी पोपनसं, केळ्यांचे लोंगर, लिंबं, पपया, मिरच्या, रानटी डुकराचं मांस. पोपनस सोलून पहिली फोड तोंडात टाकली तेव्हा नावेवर कुणीही बराच वेळ बोललं नाही. इतक्या दिवसांच्या डबाबंद जेवणानंतर रसाळ फळ म्हणजे काय, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

या फळांवरूनच बेटानं आम्हाला पहिली गोष्ट शिकवली. रस्त्याच्या कडेला, दरीत, ओढ्याकाठी फळांनी वाकलेली झाडं दिसतात. कुंपण नाही, पाटी नाही, पडलेली फळं डुकरं खात असतात. नवखा खलाशी हात पुढे करतो. पण त्यातलं एकही झाड बेवारशी नाही. प्रत्येकाचा मालक आहे, कधी एक घर, कधी ताहितीला गेलेल्या भावंडांसकट सगळं कूळ. विचारलं तर पिशवी भरून मिळते, बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत, बदल्यात दोरी किंवा गळ दिला तर आनंदानं ठेवून घेतात. न विचारता घेतलेलं मात्र लक्षात राहतं आणि पुढच्या नावेला त्या रागाला तोंड द्यावं लागतं.

ताइओहाएच्या पश्चिमेला काही मैलांवर हाकातेआ नावाचा एक आडोसा आहे. समुद्रातून पाहिलं तर नुसता कडा दिसतो. अगदी जवळ गेल्यावर कड्याची घडी उलगडते आणि आत कढईसारखं शांत पाणी लागतं. इथे नाव डुलत नाही. डिंगी वाळूवर ओढायची, माडांतून पलीकडच्या हाकाऊई दरीत जायचं, नदी कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडायची. किनाऱ्यावर आणि नदीकाठी नोनो नावाच्या बारीक माश्या असतात. त्या चावताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अंगभर गांधी उठतात आणि आठवडाभर खाज जात नाही. खोबरेल तेल जाडसर चोपडणं हाच तिथल्या लोकांचा उपाय आहे.

दरीत मोजकीच कुटुंबं राहतात. घरांभोवती जास्वंद, क्रोटन, शेणखत घातलेल्या वाफ्यांत भाजी. शेवटचं घर मागे पडलं की माडांची रांग विरळ होते आणि झाडी मिटते. दरीच्या टोकाला वाइपो धबधबा आहे, साधारण साडेतीनशे मीटर उंच. कोरड्या दिवसांत तो कड्यावर नुसत्या ओलसर रेघेसारखा उरतो आणि पावसानंतर त्याच्या तोंडाशी उभं राहणं धोक्याचं असतं, कारण वरून दगड सुटतात. बहुतेक जण धबधब्यासाठी येतात, फोटो काढतात आणि परत जातात.

धबधब्यापेक्षा त्याकडे जाणारी वाट मोठी आहे. अर्ध्या तासानं पायाखाली बसवलेले दगड लागू लागले. सुरुवातीला वाटलं, ओढ्यानं आणून टाकले असतील. मग लक्षात आलं की ते सपाट बाजू वर करून, एकमेकांना चिकटवून लावलेले आहेत, दोन्ही कडांना मोठे दगड. हा रस्ता होता. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, झाडांच्या मुळांखाली, नेच्यांच्या पानांआड चौकोनी काहीतरी उभं होतं. कंबरेएवढे, कुठे डोक्याएवढे उंच चौथरे, प्रचंड धोंड्यांचे, चुन्याशिवाय रचलेले. एकाच्या दर्शनी बाजूवर लालसर दगडाची तासलेली फळी बसवलेली. चौथऱ्याचा मागचा भाग आणखी एक पायरी उंच, कारण तिथे झोपायची लाकडी झोपडी असे आणि पुढचा मोकळा भाग म्हणजे ओसरी. या चौथऱ्याला तिथे पाएपाए म्हणतात. कोकणात माणसं मुंबईला गेली, घर पडलं, कौलं आणि वासे गेले तरी जोतं उरतं, तशी ही जोती आहेत. फक्त ती एक-दोन नाहीत. आम्ही एका ठिकाणी उभं राहून नजर फिरवली तर झाडीत दिसतील तेवढी मोजता येत होती, आणि दहा पावलं पुढे गेलं की नवी दिसत होती. दरीच्या दोन्ही उतारांवर, वरपर्यंत.

एका चौथऱ्यावर आम्ही चढलो नाही, कडेला बसलो. ओसरीच्या फरशीत एका दगडाला वाटीएवढा गुळगुळीत खळगा होता. कुणीतरी पिढ्यान् पिढ्या तिथे बसून कुऱ्हाडी घासल्या असणार. त्यात पावसाचं पाणी आणि एक पिवळं पान. खळग्याच्या आत बोट फिरवलं तर काचेसारखं लागत होतं, बाजूचा दगड मात्र खरबरीत.

युरोपीय पहिल्यांदा आले तेव्हा या बेटांवर किती माणसं होती, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. अभ्यासक पन्नास हजारांच्या आसपासचे आकडे देतात, काही जण त्याहून बरेच जास्त. १९२०च्या दशकात सगळ्या मार्केसासमध्ये मिळून जेमतेम दोन हजार माणसं उरली होती. आज नऊ हजारांहून थोडी जास्त आहेत. या तीन आकड्यांमधलं अंतर हाकाऊईच्या उतारांवर दगडात बसलेलं दिसतं.

पहिले आले स्पॅनिश. १५९५ साली आल्वारो दे मेंदान्याची जहाजं दक्षिणेकडच्या बेटांपाशी आली. पेरूच्या व्हाइसरॉयच्या मानार्थ त्यानं बेटांना मार्केसास हे नाव दिलं आणि काही दिवसांत बंदुकांनी मोठी कत्तल करून पुढे गेला. दोनशे लोक मारले गेले, असं त्याच्याच ताफ्यातल्या सुकाणूकारानं लिहून ठेवलं. मग जवळपास पावणेदोनशे वर्षं कुणी आलं नाही. १७७४ साली जेम्स कुक ताहुआता बेटावर येऊन गेला. १८१३ साली अमेरिकन नौदलाचा कप्तान डेव्हिड पोर्टर ‘एसेक्स’ घेऊन थेट ताइओहाएत शिरला, तटबंदी उभारली, बेट अमेरिकेच्या मालकीचं म्हणून जाहीर केलं आणि शेजारच्या दरीतल्या ताइपी लोकांनी नमायला नकार दिल्यावर डोंगर ओलांडून त्यांची गावं जाळली. अमेरिकेच्या सरकारनं ती मालकी कधी मान्य केली नाही. जळालेली गावं मात्र जळालेलीच राहिली. १८४२ साली फ्रेंच आरमार आलं आणि त्यांनी बेटं ताब्यात घेतली. त्याच उन्हाळ्यात देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या ‘अकुश्नेट’ या जहाजावरचा हर्मन मेलव्हिल नावाचा तरुण खलाशी एका सोबत्याबरोबर पळून डोंगरात शिरला आणि ताइपींच्या दरीत काही आठवडे राहिला. १८४६ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं ते याच मुक्कामावर आणि ते खूप वाचलं गेलं. दक्षिण समुद्रातल्या स्वर्गाची कल्पना पाश्चात्त्य वाचकांच्या मनात ज्यांनी रुजवली त्यांत या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. मात्र मेलव्हिलनं फ्रेंचांबद्दल आणि मिशनऱ्यांबद्दल केलेल्या कडक टीकेची आठवण फारशी कुणी ठेवली नाही.

पण बंदुकांनी आणि आगीनं मेली ती माणसं कमीच. बाकीची आजारांनी मेली. देवमाशांच्या शिकारीची आणि चंदन नेणारी जहाजं पाणी आणि बायका यांसाठी थांबत, आणि जाताना क्षय, गुप्तरोग, फ्लू मागे ठेवत. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला पेरूच्या जहाजांनी पॉलिनेशियातून माणसं पकडून मजुरीला नेली. ओरड झाल्यावर उरलेल्यांना परत पाठवायचं ठरलं, आणि १८६३ साली परत आलेल्यांबरोबर नुकू हिवा आणि उआ पोऊ या बेटांवर देवीची साथ उतरली. काही महिन्यांत हजाराहून जास्त माणसं गेली. दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या झाल्या. उरलेले किनाऱ्यावर, चर्चजवळ, दुकानाजवळ येऊन राहिले. वरच्या चौथऱ्यांवर रान चढलं.

हे वाचून ठाऊक असणं वेगळं आणि ताइओहाएच्या पाण्यात रात्री नाळेवर बसून ते आठवणं वेगळं. ज्या खोलीत आपला नांगर रुतलेला आहे तिथेच त्या जहाजांचे नांगर रुतले असणार. चांगल्या नांगराची जागा बदलत नाही.

ताइपिवाई म्हणजे मेलव्हिलची दरी. तिथे पाएके नावाच्या ठिकाणी चढावर दोन मेआए, म्हणजे पवित्र जागा आहेत. लालसर दगडाचे अकरा तिकी, म्हणजे मूर्ती, मोठ्या डोळ्यांचे, आखूड हातापायांचे, झाडीत उभे आहेत. जवळपास चिटपाखरू नव्हतं. त्याच दरीत दीडशे मीटरहून लांब असलेलं तोहुआ आहे. तोहुआ म्हणजे सण, मेजवानी, नाच यांचं गावाचं पटांगण, चारी बाजूंना चौथऱ्यांची बैठक. आज पटांगणात माड लावलेले आहेत. उंदरांनी चढू नये म्हणून बुंध्यांना पत्र्याचे पट्टे ठोकलेले. त्या माडांचं खोबरं उन्हात वाळवून पोती भरतात आणि ताहितीहून येणारं ‘आरानुई’ जहाज ती घेऊन जातं. हे जहाज अर्धं माल वाहतं, अर्धं प्रवासी. ते येतं त्या दिवशी धक्क्यावर सगळं गाव असतं: सिमेंट, गादी, मोटारसायकल, कोंबड्यांचं खाद्य उतरतं, पोती चढतात.

हिवा ओआ या बेटावर चित्रकार पॉल गोगँ १९०३ साली मेला आणि बेल्जियन गायक जाक ब्रेल, जो स्वतः शिडाच्या नावेनं इथे आला होता, १९७८ साली त्याच दफनभूमीत विसावला. त्या दोन थडग्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्यावर थांबत नाही. मला हातिहेऊ गाठायचं आहे.

हातिहेऊ हे नुकू हिवाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. सुळक्यांच्या पायथ्याशी एक रस्ता, एक चर्च, समुद्राकडे तोंड करून बसलेली घरं. गावामागच्या चढावर कामुइहेई. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर आणि मारी-नोएल ओत्तिनो यांनी गावकऱ्यांच्या हातांनी हे ठिकाण झाडीतून मोकळं केलं. पटांगण, चौथरे, मासे आणि कासवं कोरलेले धोंडे, नीरफणसाचा लगदा साठवायचे खोल खड्डे, आणि या सगळ्यावर सावली धरून उभा असलेला वडाच्याच कुळातला एक वृक्ष, पारंब्यांचं अख्खं घर झालेला. तो तिथे पूजनीय आहे. त्याच्याजवळ कुणी मोठ्यानं बोलत नाही, मार्गदर्शक तरुण मुलगाही आवाज खाली आणतो. त्याच्या हातावर, मानेपर्यंत, गोंदण होतं.

ही गोंदणंही परत आलेली आहेत. मिशनरी आणि फ्रेंच प्रशासनानं गोंदण, ढोल, नाच सगळं बंद पाडलं होतं. कार्ल फोन देन श्टाइनेन हा जर्मन अभ्यासक १८९७-९८ मध्ये इथे आला तेव्हा जुनं गोंदण अंगावर असलेली म्हातारी माणसं अजून जिवंत होती. त्यानं नक्षी टिपून ठेवली, त्याचे ग्रंथ १९२५ ते १९२८ दरम्यान छापले गेले, आणि आज तिथले गोंदणारे त्याच पानांवरून आपल्या पणजोबांची कातडी वाचतात. १९७८ साली ‘मोतू हाका’ ही संघटना स्थापन झाली. स्थानिक भाषा शाळेत यावी, नाच शिकवले जावेत, म्हणून तिनं चिकाटीनं काम केलं. एर्वे ल क्लेआक या बिशपांचा तिला पाठिंबा होता. ज्या चर्चनं एकेकाळी ढोल बंद केले त्याच चर्चचा माणूस भाषा वाचवायला उभा राहिला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. १९८७ साली उआ पोऊवर पहिला मोठा कलामहोत्सव झाला. तेव्हापासून दर काही वर्षांनी तो एकेका बेटावर भरतो आणि प्रत्येक वेळी कुठलंतरी एक तोहुआ रान काढून पुन्हा नाचण्याजोगं केलं जातं. म्हणजे ही पटांगणं पुन्हा वापरात आली आहेत.

गावात परतताना एका घराच्या अंगणात धूर दिसला. सोडणांच्या विस्तवावर चार नीरफणस अख्खे ठेवले होते. कोकणात आणि गोव्यात परसात उभं असतं तेच हे झाड. आपण त्याची कापं करतो, तिथे ते रोजचं अन्न आहे. अंगणातल्या आजींनी “काओहा” म्हणून आत बोलावलं. माझी फ्रेंच मोडकी आणि त्यांची सावकाश, त्यामुळे जमलं. कोकणात आम्ही याची कापं करून तव्यावर तळतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना तळण्यात एवढं फळ फुकट घालवल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी मान हलवली आणि विस्तवाकडे बोट दाखवलं. साल कोळसा होईपर्यंत फळ फिरवत राहायचं. देठाच्या छिद्रातून वाफ फुसफुसायला लागली की झालं. मग काळी साल सुरीनं उतरवायची, आत पिवळसर, भाकरीसारखा वास येणारा गर. तो लाकडी पाटावर घेऊन दगडी मुसळानं कुटायचा, मुसळ दर वेळी पाण्यात बुडवायचं, गोळा दुमडायचा, पुन्हा कुटायचा. आजींचा हात एका लयीत चालत होता, बोलणं थांबत नव्हतं. गोळा चकचकीत झाला तेव्हा त्याचे तुकडे ताज्या नारळाच्या दुधात सोडले. याला काआकू म्हणतात. सोबत लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. आंबवलेला जुना लगदा घातला तर त्याची पोपोई होते. खड्ड्यांत पानांखाली दाबलेला तो लगदा वर्षानुवर्षं टिके आणि या बेटांवर पडणाऱ्या भयंकर दुष्काळांत तोच माणसं जगवत असे.

बी नसलेल्या नीरफणसाचं झाड मुळाच्या फुटव्यातूनच लावावं लागतं. म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून जोडहोड्यांमधून इथे आलेल्या पहिल्या माणसांनी हे कोवळे फुटवे ओल्या पाल्यात गुंडाळून, खाऱ्या पाण्यापासून जपत आणले. डुकरं, कोंबड्या, कुत्रे आणि एक छोटा उंदीरही बरोबर आला. तेही नावेतूनच.

२०२४ च्या जुलैमध्ये ‘ते हेनुआ एनाता’ या नावानं मार्केसासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. तो निर्णय झाला नवी दिल्लीत, भारतात पहिल्यांदाच भरलेल्या वारसा समितीच्या अधिवेशनात. आसामच्या अहोम राजांच्या समाधी-टेकड्याही तिथेच यादीत आल्या. हातिहेऊत याबद्दल बोलणाऱ्यांना आनंद होता आणि काळजीही. जास्त जहाजं येतील, ती कोणत्या तऱ्हेनं येतील, हा त्यांचा प्रश्न. तो रास्त आहे. नाव मोठी असो की आमच्यासारखी लहान, तिच्याबरोबर काय उतरतं हे इथे जीवनमरणाचं आहे.

उआ हुका बेटावरचा निळा, चिमुकला पोपट घ्या. पिहिती. जगात त्याचं शेवटचं भक्कम ठिकाण उआ हुका, आणि ते भक्कम राहिलं आहे कारण काळा जहाजी उंदीर अजून तिथे पोहोचलेला नाही. हा उंदीर झाडावर चढून अंडी खातो. फातू हिवा बेटावर तो २००० साली आढळला आणि तिथला मोनार्क पक्षी, जो जगात इतरत्र कुठेही नाही, काही वर्षांत बोटांवर मोजण्याइतका उरला. ‘मानू’ ही पक्षिसंस्था उआ हुकाच्या धक्क्यावर सापळे आणि विषाची आमिषं लावून पहारा ठेवते. आपण रात्री धक्क्याला नाव बांधली आणि दोरीवरून एक गाभण मादी उतरली, एवढंच पुरेसं आहे. त्यामुळे त्या बेटापाशी धक्क्यापासून दूर, नांगरावरच राहायचं, असं आम्ही ठरवलं. सामान चढवताना पुठ्ठ्याचे खोके नावेवर घेतले नाहीत, कारण झुरळांची अंडी त्यांच्या घड्यांत असतात. केळ्यांचा लोंगर आधी समुद्रात बुडवून काढला, बुटांचे तळवे ब्रशनं घासले.

१९९५ साली हवाईची ‘होकुलेआ’ आणि तिच्या जोडीला आणखी काही पारंपरिक जोडहोड्या याच ताइओहाएतून, होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आधारानं हवाईकडे निघाल्या. पूर्वजांची ती वाट होती आणि सगळ्या पॉलिनेशियात त्याचा मोठा अभिमान होता. वाटेत लक्षात आलं की नोनो माशी होड्यांवरून हवाईत जाऊ शकते. तेव्हा हवाई गाठण्याआधी भर समुद्रात होड्यांवर कीटकनाशकाची फवारणी झाली. स्वतःच्या पूर्वजांच्या बेटावरून येतानाही त्यांनी ही फवारणी टाळली नाही.

आमचा पुढचा पल्ला तुआमोतूच्या प्रवाळबेटांचा, नैर्ऋत्येला साधारण पाचशे सागरी मैल. निघायच्या दिवशी सगळे कप्पे उघडून पाहिले, दोऱ्यांची वेटोळी सोडून झटकली, डिंगी उलटी करून बुड खरवडलं. नांगर उचलायला घेतला तेव्हा साखळीच्या कडीकडीला उपसागराचा काळा चिखल चिकटून वर येत होता. एकानं नाळेवर बसून बादलीनं पाणी ओतलं, दुसऱ्यानं ब्रश मारला, आणि शेवटची कडी स्वच्छ झाल्यावरच कप्तानानं शीड चढवायला सांगितलं.